ठेवताना पाहावे

जुन्या पेढीवर गादीच्या उजव्या हाताला एक बुटकी लाकडी पेटी असे. तिच्यात चालू सालची रोजकीर्द, खतावणी, उधारीची बारीक वही, दौत आणि टाक एवढेच सामान राही. पाठीमागच्या भिंतीतील फडताळात मागील दोन-तीन सालच्या वह्या लाल बासनात बांधून ठेवलेल्या असत, आणि त्याहून जुने दप्तर माळ्यावर चढविलेले असे. रोज लागणारी वस्तू हात लांबविताच मिळावी, कधीमधी लागणारी उठून घेता यावी, आणि क्वचितच लागणारी शिडी लावून काढता यावी, अशी ही तीन अंतरांची योजना होती. ती कोणत्याही महाविद्यालयात शिकविली जात नव्हती. मुलगा वडिलांच्या शेजारी बसून ती पाहत असे आणि पाहता पाहता त्याच्या अंगवळणी पडत असे.

आज गादीच्या जागी टेबल आले आणि टेबलावर संगणक आला. पेटी, फडताळ आणि माळा हे तिन्ही एकाच पडद्याआड सामावले. जागेची अडचण संपली, हे खरे. परंतु त्या अडचणीमुळेच जी शिस्त पाळली जात होती तीही बरोबर संपली. पेटीत दहाच वह्या मावत, म्हणून अकरावी आली की एखादी फडताळात हलवावी लागे. संगणकात दहा हजार कागद मावतात. म्हणून काहीच हलविले जात नाही, आणि सर्वच कागद एका राशीत पडून राहतात. ही रास ज्याने केली त्याला ती अडचणीची वाटत नाही. अडचण होते ती त्याच्या गैरहजेरीत, आणि तीही नेमक्या नको त्या वेळी.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद-बेदाण्याच्या एका अडत पेढीवर गेल्या हिवाळ्यात जे घडले ते या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. ही पेढी दोघे भाऊ चालवितात. सौदे, तोलाई, शेतकऱ्यांच्या पट्ट्या हे काम धाकट्या भावाकडे. बँक, कर, विमा आणि संगणक हे थोरल्याकडे. थोरल्यांना सारे घर अण्णा म्हणते. पौष महिन्यात अण्णा सपत्नीक सम्मेदशिखरजीच्या यात्रेस गेले. नऊ किलोमीटरची चढण, नऊ किलोमीटरची टोंकांची वंदना आणि तितकीच उतरण. पहाटेच्या काळोखात निघालेला यात्रेकरू खाली येईपर्यंत दुपार टळून जाते. ज्या दिवशी अण्णा पर्वतावर होते, त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमारास धाकट्या भावाच्या छातीत कळ आली.

शेजारच्या पेढीवरच्या मंडळींनी त्यांना तत्काळ रुग्णालयात नेले. उपचार लगेच सुरू झाले. त्यांच्या पत्नी रुग्णालयात थांबल्या आणि खिडकीवर आरोग्य विम्याची चालू पॉलिसी मागण्यात आली. घरातील सर्व विमे अण्णा पाहत. त्यांचा दूरध्वनी लागत नव्हता. तेव्हा महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी धावत पेढीवर आली. दिवाणजींनी संगणक उघडून दिला, पण त्यांना हिशेबाच्या प्रणालीपलीकडे त्यातील काही ठाऊक नव्हते.

पडद्यावर दीडशेहून अधिक चिन्हे होती. 'स्कॅन ००४७', 'न्यू फोल्डर ४', 'फायनल', 'फायनल नवे', 'अण्णा जरुरी' अशी त्यांची नावे. एकेक उघडता उघडता अर्धा तास गेला. एक पॉलिसी सापडली. ती तिने आईच्या मोबाइलवर पाठविली. थोड्याच वेळात आईचा फोन आला, "अगं, ही मागच्या वर्षाची आहे म्हणतात. मुदत संपलीय. चालू सालची बघ." पुन्हा शोध. दुसरी सापडली, ती गोदामाच्या आगीच्या विम्याची. तिसरी सापडली, ती ट्रकची. तोवर रुग्णालयाने अनामत रक्कम भरण्यास सांगितले. गल्ल्यातील रोकड पुरेना. शेजारच्या पेढीने विचारण्याची वाट न पाहता उरलेली रक्कम पाठवून दिली.

सायंकाळी पायथ्याशी उतरल्यावर अण्णांचा फोन लागला. सगळे ऐकून ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "बाळ, ती डाउनलोडमध्ये आहे. मेलवरून आली, तशीच राहिली." पुतणीने ती उघडली. फाइलीचे नाव म्हणजे नुसते अठरा-वीस आकडे होते. दुपारी तिच्या नजरेखालून ती दोनदा गेली होती.

रुग्ण वाचला, विम्याची रक्कमही पुढे मिळाली. दोष द्यावा असे कोणी नव्हते. परंतु यात्रेहून परतल्यावर अण्णांनी पेढीवर बसून जे उद्गार काढले ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. "कागद होता," ते म्हणाले, "पण तो माझ्याजवळ होता, घराजवळ नव्हता."

संगणकावरील कागद चटकन हाताशी यावेत, हा विषय सहसा वेळेच्या बचतीचा म्हणून मांडला जातो. दोन मिनिटांचे काम दहा सेकंदांत झाले, एवढाच त्याचा लाभ सांगितला जातो. व्यापारी कुटुंबात त्याचे महत्त्व याहून मोठे आहे. तेथे पेढी एकाची नसते. कर्ता प्रवासात असतो, आजारी असतो, व्रत-उपवासात असतो, आणि एक दिवस तो नसतोही. म्हणून कागदांच्या व्यवस्थेची कसोटी, ज्याने ठेवले त्याला सापडते का, ही नव्हे. ज्याने ठेवले नाही त्याला सापडते का, ही आहे.

तीन अंतरे

ही व्यवस्था लावण्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही. जुन्या पेढीची तीन अंतरे संगणकावर पुन्हा उभी करावयाची, एवढेच.

पहिले अंतर पेटीचे. महिन्यातून निदान एकदा लागणारे, किंवा लागले तर त्याच क्षणी लागणारे कागद येथे यावेत. अडत किंवा घाऊक व्यापाराच्या पेढीपुरते पाहिले, तर जीएसटी नोंदणीचे प्रमाणपत्र, पॅन, उद्यम नोंदणी, अन्नपदार्थांचा व्यापार असल्यास अन्न परवाना, भागीदारीचा करारनामा, रद्द केलेला धनादेश, पेढीचे कोरे पत्रशीर्षक, बँकेला दरमहा द्यावयाचे स्टॉक स्टेटमेंट, चालू सालचे आरोग्य विमा, गोदाम व वाहनांचे विमे, आणि दुकान भाड्याचे असल्यास भाडेकरार. मोजून पाहिले तर ही यादी बारा-पंधराच्या पुढे जात नाही.

दुसरे अंतर फडताळाचे. येथे आर्थिक वर्षाप्रमाणे फोल्डर असावेत: २०२३-२४, २०२४-२५, २०२५-२६. प्रत्येक वर्षाच्या आत जीएसटी, आयकर, बँक, विमा, खरेदी, विक्री असे तेच ते उपविभाग, दरवर्षी त्याच नावाने. नावे दरवर्षी बदलली की शोधणाऱ्याला दरवर्षी नव्याने विचार करावा लागतो.

तिसरे अंतर माळ्याचे. जुनी वर्षे येथे जावीत. मात्र माळा म्हणजे रद्दी नव्हे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ याच्या कलम ३६ नुसार हिशेब आणि संबंधित कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. अपील वा चौकशी चालू असेल तर त्याहूनही अधिक काळ. ज्यांनी पेढीची कंपनी केली आहे त्यांना कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे किमान मागील ८ आर्थिक वर्षांच्या हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात. म्हणून जुने काढून टाकण्याची घाई नको. ते नजरेआड करावे, एवढेच.

पेटी कशी भरावी

ज्या संगणकावर विंडोज आहे, तेथे पेटीची सोय आधीच करून ठेवलेली असते. कळफलकावरील विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि 'ई' ही अक्षराची कळ एकत्र दाबली की फाइल एक्सप्लोररची खिडकी उघडते. तिच्या डाव्या बाजूस वरच्या भागात काही फोल्डर दिसतात. विंडोज १० मध्ये त्या जागेला 'क्विक ॲक्सेस' असे नाव आहे, विंडोज ११ मध्ये हीच सोय 'होम' या पानावर आणि डाव्या पट्टीत दिसते. जो फोल्डर सतत हवा असेल त्यावर माउसचे उजवे बटण दाबावे आणि 'पिन टू क्विक ॲक्सेस' हा पर्याय निवडावा. तो फोल्डर टाचणी लावल्यासारखा तेथे कायम राहतो. नको झाल्यास त्याच रीतीने 'अनपिन' करावे. मूळ फोल्डरला धक्का लागत नाही.

एक्सेल आणि वर्डमध्येही अशीच टाचणी आहे. 'फाइल' आणि मग 'ओपन' येथे गेल्यावर अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी येते. फाइलीच्या नावावर माउस नेला की उजवीकडे टाचणीचे लहान चिन्ह दिसते. ते दाबले की ती फाइल यादीच्या माथ्यावर राहते, मग नंतर कितीही फाइली उघडोत. दरमहा भरावयाचे स्टॉक स्टेटमेंट, पट्टीचा नमुना, दरपत्रकाचा नमुना यांसाठी ही सोय उत्तम. पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवर एक्सेलचे चिन्ह असेल, तर त्यावर माउसचे उजवे बटण दाबूनही हीच यादी मिळते.

तिसरी सोय शॉर्टकटची. फाइलीवर उजवे बटण दाबून 'सेंड टू' आणि मग 'डेस्कटॉप' निवडले की पडद्यावर तिचे चिन्ह येते. विंडोज ११ मध्ये त्याआधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावे लागते. या चिन्हाच्या कोपऱ्यात लहान बाण असतो. तो बाण ओळखावयास शिकणे फार आवश्यक आहे. बाण असलेले चिन्ह म्हणजे खतावणीच्या अनुक्रमणिकेतील पान क्रमांक होय. प्रत्यक्ष खाते नव्हे. तो पान क्रमांक खोडला तरी खाते शाबूत राहते. पण खाते दुसऱ्या वहीत हलविले की तो पान क्रमांक बहुधा निरुपयोगी ठरतो. उलट, बाण नसलेली फाइल डेस्कटॉपवर पडली असेल तर तीच मूळ असते, आणि ती काढून टाकली तर मूळच जाते. पेन ड्राइव्हवर शॉर्टकट घेऊन बँकेत जाणारे आणि तेथे ते न उघडल्याने परत येणारे ग्राहक हे बँकेच्या शाखांतील नेहमीचे दृश्य आहे. त्यांनी सोबत आणलेला असतो तो केवळ पान क्रमांक.

आता प्रश्न राहतो, पेटीत किती असावे? येथे गृहस्थाच्या पाच अणुव्रतांतील परिग्रह-परिमाणाची आठवण होते. संपत्तीचे असो वा वस्तूंचे, आधी परिमाण ठरवावे आणि ते ओलांडू नये, हा त्या व्रताचा आशय आहे. डाव्या पट्टीतील टाचण्यांनाही परिमाण असावे. सात किंवा नऊ, जो आकडा सोयीचा तो. नवा फोल्डर टाचावयाचा तर एक जुना उतरवावा. टाचण्या चाळीस झाल्या की तेथेही शोधाशोध सुरू होते, आणि पेटीचे पुन्हा फडताळ होते.

नाव हीच खूण

सांगलीच्या त्या मुलीच्या नजरेखालून पॉलिसी दोनदा गेली आणि तरी ती ओळखू आली नाही, याचे कारण जागा नव्हे, नाव. विमा कंपनी, बँक किंवा सरकारी संकेतस्थळ यांच्याकडून येणाऱ्या फाइलींची नावे त्यांच्या सोयीची असतात. ती तशीच ठेवू नयेत. फाइलीवर एकदा टिचकी मारून 'एफ २' ही कळ दाबली की नाव बदलता येते; त्याला पाच सेकंद लागतात.

नावाची रीत एकच आणि साधी असावी: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यापुढे कागद कोणता आणि कोणाचा. उदाहरणार्थ, '२०२५-०८-१४ आरोग्य विमा कुटुंब' किंवा '२०२५-०४-०१ भाडेकरार गोदाम २'. वर्ष आधी लिहिल्याने संगणक नावांची जी क्रमवारी लावतो तीच तारखेची क्रमवारी होते, आणि नवीन पॉलिसी कोणती हा प्रश्न उघडून पाहण्याआधीच सुटतो. दिवस आधी लिहिला तर जानेवारीची एक तारीख आणि डिसेंबरची एक तारीख शेजारी येऊन बसतात. तारखेत तिरकी रेघ घालता येत नाही, कारण विंडोजमध्ये फाइलीच्या नावात ते चिन्ह चालत नाही. म्हणून आडवी रेघ वापरावी. अंक मराठी घ्यावेत की इंग्रजी हे घराने ठरवावे, पण दोन्हींची सरमिसळ करू नये. मुदत संपणाऱ्या कागदांच्या नावात शेवटी 'पर्यंत' लिहून मुदतीची तारीखही घालावी. 'फायनल' हा शब्द मात्र कोणत्याही फाइलीला देऊ नये. ज्या घरात एक 'फायनल' असते तेथे लवकरच दुसरे येते.

नाव नीट असेल तर शोधाची सोयही कामाला येते. फाइल एक्सप्लोररच्या उजव्या कोपऱ्यातील चौकटीत 'विमा' एवढे टंकले की त्या फोल्डरातील तसे नाव असलेल्या साऱ्या फाइली समोर येतात. पण स्कॅन करून ठेवलेला कागद हा संगणकाच्या लेखी एक छायाचित्र असतो. त्यातील अक्षरे त्याला सहसा वाचता येत नाहीत. त्याला वाचता येते ते आपण दिलेले नाव.

साधू-साध्वींच्या आचारातील पाच समितींमध्ये चौथी आदान-निक्षेपण समिती आहे. पुस्तक असो वा कमंडलू वा पात्र, वस्तू घेताना आणि ठेवताना आधी पाहावे, पिंछीने वा रजोहरणाने जागा हलकेच झाडावी, मग घ्यावे, मग ठेवावे. तिचा मूळ हेतू जीवरक्षणाचा आहे आणि तो हेतू संगणकाच्या कामात ओढून आणण्याचे कारण नाही. तथापि वस्तू ठेवण्याचा क्षण हाही जागरूकतेचा क्षण आहे, ही तिची शिकवण गृहस्थाने आपल्या व्यवहारात घेण्याजोगी आहे. आपण सारे घेताना सावध असतो, कारण तेव्हा गरज असते. ठेवताना बेसावध असतो, कारण तेव्हा गरज संपलेली असते. शोधात जाणारे तीन तास त्या वेळच्या पाच सेकंदांत वाचले असते.

जवळ असावे, उघडे नसावे

कागद हाताशी आणताना एक सावधगिरी आवश्यक आहे. पेढीवरचा संगणक हमाल, वाहनचालक, ग्राहक, दुरुस्तीवाला अशा अनेकांच्या नजरेसमोर असतो. बँकेचे पासवर्ड, कार्डांचे गुप्त क्रमांक, कर संकेतस्थळांची प्रवेशनामे एखाद्या फाइलीत लिहून ती डेस्कटॉपवर ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच अडकवून ठेवणे होय. अशा गोष्टी पेटीत येऊच नयेत. त्या कागदावर लिहून बंद पाकिटात घरातील लोखंडी कपाटात ठेवाव्यात आणि ते पाकीट कोठे आहे हे आणखी एका विश्वासू व्यक्तीला ठाऊक असावे. आधारची प्रत द्यावयाची असल्यास, शक्य तेथे, पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेता येते. टेबलावरून उठताना विंडोजची कळ आणि 'एल' दाबण्याची सवय लावावी. पडदा बंद होतो आणि पासवर्डाविना उघडत नाही. फाइल एक्सप्लोरर अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी आपोआप दाखवितो. ती पेढीवर नको असल्यास 'फोल्डर ऑप्शन्स' मध्ये जाऊन बंद करता येते.

दुसरी सावधगिरी प्रतींची. या बाबतीत जैन समाजाच्या स्वतःच्या इतिहासात एक मोठा धडा आहे. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्रांवरील प्राचीन प्रती शतकानुशतके केवळ मूडबिद्रीच्या भांडारात होत्या. भाविक तेथे जात, दर्शन घेत आणि परत येत. वाचन मात्र होत नसे. ग्रंथ सुरक्षित होता, पण समाजाच्या हाताशी नव्हता. त्याच्या प्रती व्हाव्यात म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद हे व्यापारी गृहस्थ अग्रभागी होते. प्रती झाल्या, आणि त्यांच्या आधारे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी संपादित केलेला धवलेचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून छापून निघाला. जैसलमेरच्या भांडारातील हस्तलिखिते मुनी पुण्यविजयजींनी नीट लावून त्यांची सूची केली, तेव्हा तेथे काय आहे हे अभ्यासकांना घरबसल्या कळू लागले. संग्रह असणे, त्याची सूची असणे आणि त्याची दुसरी प्रत असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्ही लागतात.

पेढीच्या कागदांनाही हाच न्याय. मूळ संगणकावर एक प्रत, बाहेरील हार्ड डिस्कवर दुसरी, आणि तिसरी पेढीच्या इमारतीबाहेर: घरी किंवा इंटरनेटवरील विश्वासार्ह साठवणुकीत. पेढीला आग लागली तर संगणक आणि त्याच्या शेजारचीच डिस्क दोन्ही एकदमच जातात, हे ध्यानात असावे. बाहेरील डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. सतत जोडून ठेवलेल्या डिस्कवर संगणकातील विषाणूही पोहोचतो. आणि सूची म्हणजे एक छापील पान: कोणता कागद, कोणत्या फोल्डरात, मुदत कधीपर्यंत. ते पान पेढीच्या खणात आणि घरच्या कपाटात, अशा दोन ठिकाणी असावे. संगणक बिघडला तरी पान बिघडत नाही.

वर्षातून एक दिवस

कोणतीही व्यवस्था एकदा लावून टिकत नाही. आपल्या परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी आणि कार्तिक शुद्ध पंचमीस ज्ञानपंचमी येते. या दिवशी भांडारातील ग्रंथ बाहेर काढतात, धूळ झटकतात, जुनी वेष्टने बदलतात आणि वंदन करून पुन्हा जागी ठेवतात. ज्ञानाची पूजा ही केवळ गंध-अक्षतांची नसून देखभालीचीही आहे, हे पूर्वजांनी सणातच गुंफून ठेवले. व्यापाऱ्यांची लाभपंचमीही त्याच कार्तिकी पंचमीची. ग्रंथांची बरोबरी व्यवहाराच्या कागदांशी करावयाची नाही. परंतु ज्या घरात त्या दिवशी पोथ्या झाडल्या जातात, तेथे तासभर संगणकासमोरही बसता येईल. मुदत संपलेल्या पॉलिसी पेटीतून काढून माळ्यावर न्याव्यात, नव्या टाचाव्यात, डाउनलोडमध्ये साचलेले निवडावे, सूचीचे पान नव्याने छापावे, बाहेरील डिस्कवरील दोन-चार फाइली उघडून त्या खरोखर उघडतात याची खात्री करावी. ज्यांना तिथीपेक्षा हिशेबी वर्ष सोयीचे, त्यांनी ३१ मार्चनंतरचा पहिला रविवार धरावा.

सांगलीच्या त्या पेढीने श्रुतपंचमी धरली. आदल्या महिनाभरात अण्णांनी रोज रात्री अर्धा तास बसून ती दीडशे चिन्हे संपविली. आता पडद्यावर सहा आहेत. टाचलेले फोल्डर सात. त्यांतील पहिल्याचे नाव 'तातडीचे' असे आहे आणि त्यात कुटुंबातील प्रत्येकाच्या नावाचा एक फोल्डर आहे: विमा, ओळखपत्र, रक्तगट आणि चालू औषधांची यादी. नावे अण्णांनी ठेविली नाहीत. ती पुतणीने ठेविली, कारण शोधणाऱ्याच्या मनात कोणता शब्द येतो हे तिला त्या दिवशी कळले होते.

श्रुतपंचमीच्या दुपारी मंदिरातून परतल्यावर घरच्यांनी एक परीक्षा घेतली. अण्णांना मुद्दाम बाहेरच्या ओसरीवर बसविले. धाकट्या भावाच्या पत्नी, ज्यांनी त्या दिवशी रुग्णालयाच्या खिडकीपाशी तीन तास उभे राहून काढले होते आणि ज्यांनी तोवर पेढीच्या संगणकाला कधी हात लावला नव्हता, त्या खुर्चीवर बसल्या. मुलीने हातात घड्याळ घेतले आणि चालू सालची आरोग्य विम्याची पॉलिसी मागितली. त्यांनी छापील पान पाहिले, दोन कळा दाबल्या, पहिला फोल्डर उघडला, आपल्या यजमानांच्या नावावर टिचकी मारली. चाळीस सेकंदांत पॉलिसी पडद्यावर होती. त्यांनी तिच्यावरील मुदतीची तारीख मोठ्याने वाचली, आणि ओसरीवरून अण्णांनी ती बरोबर असल्याचे सांगितले.